तीन टेबलं आणि एक फोन

मल्लेश्वरम, बेंगळूर
डिसेंबर १९९८

प्रिय आणि वयाने वडील असलेले मकरंदराव यांना अरविंदचे नमस्कार. (साष्टांगच घालणार होतो, पण कमरेने हरकत घेतली. तरी साष्टांग धरून चालावं.) तुमच्या गुडघ्याचं काय म्हणणं आहे? वहिनींचा खोकला गेला का? पुण्यातली थंडी यंदा बरी असल्याचं वर्तमानपत्रात वाचलं. वर्तमानपत्रातलं एवढं एकच वाचून बरं वाटलं. इकडे आम्ही उभयता खुशाल आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. तपासून पाहिलेलं नाही. आणि तपासणी विभागात उभी हयात गेलेल्या माणसाने न तपासता लिहिलेल्या वाक्यावर तुम्ही किती विसंबायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा.

मागच्या पत्रात तुम्ही विचारलंत, की वरच्या मजल्यावरच्या तुमच्या त्या ऑफिसचं कसं काय चाललं आहे? त्याचं उत्तर द्यायचं तर मुळापासून सांगावं लागेल. कारण तुम्ही गणपतीत आला होतात तेव्हा कामाच्या दिवशी वर आलाच नाहीत. (गुडघा. कल्पना आहे.) वरचा मजला आम्ही राजससाठी बांधला, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्याच्या होणाऱ्या बायकोला उजेड हवा म्हणून नयनाने पूर्वेकडे दोन खिडक्या जास्त काढायला लावल्या. रंग वाळेपर्यंत चिरंजीव न्यू जर्सीला पोचले, आणि उजेड रिकाम्या हॉलमध्ये पडू लागला. रविवारी त्याचा फोन येतो. तो विचारतो, "ठीक?" आम्ही सांगतो, "ठीक." मग मागे घड्याळ टिकटिकतं, ते त्याचं की आमचं ते कळत नाही. त्याच सुमारास मी कारखान्यातून स्वेच्छेने निवृत्त झालो. (स्वेच्छा कारखान्याची होती.) म्हणजे घरात दोन माणसं, आणि त्यातल्या एकाला, म्हणजे तुमच्या बहिणीला, नयनाला, हळूहळू बोलायचंच सुचेनासं झालं. भांडण नाही, आजार नाही. नुसती गप्प. भाजीत मीठ कमी पडलं तरी गप्प, मी कमी पडलं म्हटलं तरी गप्प. मकरंदराव, ही तीच बाई, जिच्या बडबडीमुळे लग्नात अंतरपाट धरलेले भटजी मंगलाष्टकाची ओळ चुकले होते. मी घाबरलो.

घरात माणसं हवीत, हे तेव्हाच ठरवलं. पण भाडेकरू कसा ठेवायचा? आमच्या शेजारच्या व्यंकोजीरावांनी एकदा एक सभ्य जोडपं भाड्याने ठेवलं. परवा त्या जोडप्याच्या नातवाची मुंज व्यंकोजीरावांच्याच अंगणात झाली आणि व्यंकोजीराव आहेर घेऊन आपल्याच घरी पाहुणे म्हणून गेले. त्यामुळे भाडेकरू एकदा शिरला की जात नाही, या भीतीने मी फार विचार केला आणि एक युक्ती काढली. माणसाला घर द्यायचंच नाही. टेबल द्यायचं. सकाळी नवाला यावं, संध्याकाळी सहाला जावं, फोन सगळ्यांत एक, फॅक्सचं यंत्र सगळ्यांत एक, पिण्याच्या पाण्याचा माठ सगळ्यांत एक. खुर्चीवर बसून आजवर कोणी कूळ झालेलं नाही. म्हणून मी भाडेकरू ठेवले नाहीत, टेबलकरी ठेवले. पाटी लावली: राजस बिझनेस सेंटर. आता नाव मुलाचं लावू नये हे मला कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, कारण जिना चढून येणारा प्रत्येक जण आधी हेच विचारायचा, "राजस इद्दारा?" आहेत का राजस? आणि नयना दर वेळी खरं उत्तर द्यायची.

टेबलकरी तीन मिळाले. पहिला त्रिविक्रम. सन दोन हजार उजाडल्यावर अमेरिकेतले कॉम्प्युटर वेडे होणार म्हणे, त्यांना आधीच शहाणं करून ठेवण्याचं काम करणारा एक हडकुळा मुलगा. दुसऱ्या श्यामला अक्का, लग्नं जुळवणाऱ्या. तिसरा मल्लाप्पा, आनेकलहून रोज बसने येणारा बोअरवेलवाला, ज्याचा आवाज जमिनीखाली दोनशे फुटांवर ऐकू जावा अशा बेताने घडवलेला होता. ही तीन माणसं एका हॉलमध्ये बसवणं म्हणजे काय, हे तपासणी विभागात कोणी शिकवत नाही. अक्कांकडे आलेल्या मुलींच्या आया खुर्चीत बसल्याबरोबर त्रिविक्रमला न्याहाळायला लागायच्या, तर तो बिचारा मॉनिटरच्या मागे मान घालून जेवायचा. मल्लाप्पा गिऱ्हाइकांना पाणी कसं शोधतात ते प्रत्यक्ष करून दाखवायचा. तळहातावर नारळ आडवा ठेवून हॉलभर फिरायचा आणि जिथे नारळ उभा राहील तिथे पाणी. नारळ दर वेळी त्रिविक्रमच्या टेबलापाशी उभा राहायचा. (त्याच्या बरोबर खाली आमची मोरी आहे. मी नारळाला पास केलं.)

आणि या सगळ्यांच्या मध्ये, फोनपाशी, नयना. मी तिला बसवलं नव्हतं. पहिल्या दिवशी फोन वाजला, कोणी उचलेना, ती केर काढत होती, तिने उचलला. संपलं. प्रत्येक टेबलकऱ्याला आपापल्या कंपनीचं नाव ऐकवायचं होतं, पण फोन तर एक. तेव्हा ती नुसतं "नमस्कार, बोला" म्हणायची आणि पुढच्या माणसाच्या श्वासावरून तो पाण्याचा आहे, लग्नाचा आहे की अमेरिकेचा आहे ते ओळखायची. पंधरा दिवसांत ती कन्नड, इंग्रजी आणि कसली कसली हिंदी बोलू लागली. होसकोट्याच्या एका शेतकऱ्याला तिने विहीरच खणायचा सल्ला दिला. (मल्लाप्पा दोन दिवस तिच्याशी बोलला नाही.) अक्कांच्या एका स्थळाला तिने परस्पर सांगितलं, की मुलगा चांगला आहे पण आईला विचारल्याशिवाय पाणी पीत नाही, स्वल्प विचार करा. त्रिविक्रमच्या अमेरिकेतल्या साहेबांच्या सेक्रेटरीबाईंच्या गुडघेदुखीवर तिने एरंडेल लावायला सांगितलं आणि पुढच्या फॅक्सच्या तळाशी बाईंचे आभार आले. दहाला पोहे, चारला चहा. टेबलकऱ्यांना घरचं खायला घालू नये, त्याने व्यवसायाची शिस्त जाते, असं मी सांगून पाहिलं. माझी बशी कमी झाली. पण मकरंदराव, रात्री जेवताना ती मला दिवसभराचं सांगायची. भाजी गार व्हायची इतकं सांगायची. मला धंद्यातून दुसरं काहीही नको होतं.

मग आली खंडेनवमी.

इथे तिला आयुधपूजा म्हणतात आणि सगळं बेंगळूर त्या दिवशी आपल्या यंत्रांना झेंडूच्या माळा घालतं. बसला केळीचे खुंट बांधतात, रस्त्यात कुंकू भरलेले कोहळे फोडतात आणि त्यावरून दुचाकीवाले घसरतात. तिघे टेबलकरी आदल्या दिवशीच गावी गेले होते आणि जाताना नयनाला सांगून गेले होते, "अम्मा, आमच्याही वस्तूंची पूजा करा." त्यांनी हे इतक्या विश्वासाने सांगायला नको होतं. तिने कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं. मल्लाप्पाच्या पाणी तपासायच्या नळीला वाहिलं. अक्कांच्या टेबलावरच्या मुलामुलींच्या फोटोंना अक्षता टाकल्या. (निदान त्यांच्यावर कोणीतरी टाकल्या.) मग फोन. आता तिच्या माहेरची, म्हणजे तुमच्याच घरची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे: शस्त्र म्यानातून काढून पूजेला मांडायचं, आणि दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, त्याला काम सांगायचं नाही. फोनचं शस्त्र कुठलं? रिसीव्हर. तिने चौरंगावर तांदळाची रास केली, रिसीव्हर उचलून राशीवर आडवा ठेवला, त्याला गंध-फूल वाहिलं, समोर विडा ठेवला. आरती मी म्हटली. रिसीव्हर तांदळावर पडून बारीक कण्हत होता. आम्हाला तो प्रसन्न झाल्यासारखा वाटला.

दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं लुटून झाल्यावर ती पूजा हलवली. तोवर त्या लाइनीवर जगातला कोणीही माणूस आम्हाला फोन करू शकला नाही, आणि फॅक्सही त्याच लाइनीवर. त्या दीड दिवसात अमेरिकेच्या साहेबाने त्रिविक्रमला मोठं काम देण्यासाठी फोन लावला, फॅक्स लावला, आणि शेवटी ते काम हैदराबादच्या कोणाला तरी दिलं. अक्कांनी वर्षभर जुळवत आणलेल्या एका स्थळाने होकार कळवायला फोन केला. सारखा एंगेज लागला, तेव्हा मुलीकडच्यांच्या सांगण्यावरून अक्कांनीच फोन मुद्दाम काढून ठेवलाय असं समजून मुलाने दुसरीकडे होकार दिला. मल्लाप्पाचं म्हणाल तर त्या दीड दिवसात होसकोट्याचा तोच शेतकरी विहीर आटल्यामुळे बोअरला तयार झाला होता. त्याने बोअर घेतली. दुसऱ्याकडून.

तुम्हाला वाटेल मोठा तमाशा झाला असेल. तसं झालं असतं तर बरं. त्रिविक्रम म्हणाला, "परवागिल्ला, अम्मा," काही हरकत नाही, आणि गार पोहे खाऊन टाकले. अक्का म्हणाल्या, देवाची इच्छा. मल्लाप्पा तर हळू आवाजात बोलला, त्यानेच नयना जास्त घाबरली. आणि मग दिवाळीपासून एकेक जण गेला. त्रिविक्रमला डॅलसच्या कंपनीने बोलावून घेतलं. अक्कांना रस्त्यावरचा गाळा मिळाला. मल्लाप्पाने मोबाइल घेतला; त्याचं ऑफिस आता त्याच्या खिशात असतं. मी सगळ्या बाजूंनी तपासून पाहिलंय, यातलं एकही जाणं त्या फोनमुळे नव्हतं, तिघे कधीतरी जाणारच होते. पण हे नयनाला कोण सांगणार? तिच्या मते सगळ्यांची पोटं तिने तांदळावर ठेवली. भाडेकरू जात नाहीत म्हणून मी टेबलकरी ठेवले आणि टेबलकरी सगळे गेले. नवीन कोणी येत नाही. आजकाल काचेच्या इमारती झाल्यात, तिथे लिफ्ट असते, पोहे नसतात, लोकांना तेच आवडतं.

आता ती रोज साडेनवाला वर जाते, तिन्ही टेबलं पुसते, आणि फोनपाशी बसते. खाली आली की पुन्हा गप्प. पूर्वीसारखीच. मी काही विचारलं तर "हं". पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. अधूनमधून राँग नंबर लागतो. तेवढ्यापुरती ती बोलते, आणि चांगली पाव-पाव तास बोलते. कोण कुठला परका माणूस, त्याला ती पाणी, पाऊस, सुनेचं बाळंतपण, सगळं विचारते. मी जिन्याच्या मधल्या पायरीवर उभा राहून ऐकतो. (फोन फक्त वरच आहे. खाली जोडून घ्यायचं राहूनच गेलं.) त्यावरून माझी खात्री झाली आहे, की हे दुखणं फोनचं आहे आणि औषधही फोनच आहे. असो. कोणाचं काय, कोणाचं काय. तुमची प्रकृती सांभाळा. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
अरविंद

ता. क. पत्र खरं म्हणजे याचसाठी लिहिलं. तुमच्या कारखान्यात तुमच्या टेबलावर बाहेरगावचा फोन आहे, आणि कारखान्याच्या नाटकात तुम्ही एकाच अंकात सावकार आणि सावकाराची विधवा बहीण अशी दोन कामं केली होतीत, हे मी विसरलेलो नाही. तेव्हा कृपा करून आठवड्यातून दोन-तीनदा अकराच्या सुमारास इकडे फोन लावावा आणि आवाज बदलून त्रिविक्रमची किंवा मल्लाप्पाची चौकशी करावी. एखादा निरोप ठेवावा. सोपा ठेवा, कारण ती तो पोचवायचा प्रयत्न करील. सावकाराचा आवाज चालेल. बहिणीचा नको, तो ती ओळखेल.

ता. क. दुसरा. यातलं एक अक्षरही नयनाला कळता कामा नये. म्हणून या वेळी शेवटी तिच्यासाठी कोरी जागा सोडलेली नाही आणि पाकीट मी स्वतः डिंकाने चिकटवत आहे.

दादा, पाकीट वाफेवर लगेच सुटलं. डिंक ह्यांनी पाणी घालून वाढवला होता. जागा सोडलेली नाही म्हणून पानाच्या मागे लिहिते.

मला वाईट वाटतं, नाही असं नाही. त्या पोरांची सवय झाली होती. पण फोन तांदळावर ठेवल्याचं मी कधीच सोडून दिलं. त्रिविक्रम तर डॅलसहून अजून विचारतो, अम्मा, आज कशाकशाची पूजा केलीत? गप्प मी नाही रे, गप्प हे झालेत. दिवसभर जिन्यात उभे राहतात. कोणी येतं का बघतात. निम्मं ताट तसंच ठेवून उठतात. राँग नंबरवाले "सॉरी" म्हणून लगेच ठेवतात, पाव तास कोण बोलणार? मीच बोलत बसते, रिकाम्या फोनमध्ये. त्या दिवशी हे एक पोळी जास्त खातात.

तेव्हा तू फोन कर, पण त्रिविक्रमला विचारू नकोस. ह्यांना विचार. मी वरून हाक मारीन. टेबलं कशी आहेत, उजेड कसा आहे, काहीही विचार, त्यांना नापास करायला काहीतरी दे. आणि लवकर कर, दादा. दोन्हीकडचं बोलणं मी एकटीने किती दिवस बोलू?

नयना