हसलं की फोटो

११ जानेवारी २०२५, शनिवार

मोहिनी पुण्याला परत गेली आणि कॅमेरा इथेच विसरली. नातीचा म्हणायचा, पण आहे आमचाच. २०१० साली घेतलेला — चपटा, चंदेरी, साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा. माळ्यावर पडून होता. हल्ली म्हणे कॉलेजातली मुलं असले जुने कॅमेरेच शोधत असतात. फोनवरचे फोटो फार स्वच्छ येतात म्हणून! तिने इथल्या द्वारका चौकाजवळच्या दुकानातून त्याला बॅटरी आणली, दोन दिवस घरभर फोटो काढले, आणि जाताना नेमका तोच टेबलावर राहिला. बसमधून फोन — "राहू दे आजी. तुमच्या लग्नाच्या वाढदिवसाला वापर. तो एकटाच फोटो काढतो."

खरंच काढतो. वरची चक्री फिरवून हसऱ्या चेहऱ्याच्या चित्रावर आणायची आणि कॅमेरा समोर ठेवून द्यायचा. पडद्यावर माणसाच्या चेहऱ्याभोवती चौकोन येतो. मग तो वाट बघत बसतो. माणूस हसलं की आपोआप फोटो. बटण दाबायला नको. काल कामाच्या गोजराबाईंचे सात निघाले, कारण पहिला निघाल्यावर त्यांना हसू आवरेना. "बंद करा ओ बाई त्याला, लय वंगाळ हाय ते." आठवा निघाला. माझे तीन.

यांचा एकही नाही.

मोहिनी म्हणाली, "आजोबा, हसा ना." — "हसतोच आहे की." — "मग दात दिसू देत." — "दात धुवायला टाकलेत." आम्ही सगळ्या हसलो, आणि कॅमेऱ्याने माझाच चौथा काढला.

एवढंच झालं. पण सकाळपासून तेच मनात आहे.

१२ जानेवारी, रविवार

९ फेब्रुवारीला आमच्या लग्नाला बेचाळीस वर्षं होतील. दरवर्षी त्या दिवशी मेन रोडवरच्या खलीलभाईंच्या स्टुडिओत एक फोटो. हे खुर्चीवर, मी मागे उभी, हात खुर्चीच्या पाठीवर. पहिले काही त्यांच्या वडिलांनी काढले, नंतरचे खलीलभाईंनी. एकूण एक्केचाळीस फ्रेमा पॅसेजमध्ये ओळीने आहेत. दिवाळीत खलीलभाईंनी स्टुडिओ बंद केला. डोळे दमले म्हणाले.

दुपारी उगाच जाऊन गेल्या वर्षीची फ्रेम बघितली. हे छान हसताहेत. त्याच्या आदल्या वर्षीही.

म्हणजे जे काही झालंय ते या वर्षात. मग माझंच काहीतरी चुकलं असणार. शाळेत सिस्टर सांगायच्या — दिवस संपताना आधी स्वतःच्या चुका मोजा, मग दुसऱ्यांच्या. ती सवय पन्नास वर्षांत गेली नाही. आणि मोजायला गेले तर लगेच सापडली. दिवाळीत जावयांसमोर मी म्हणाले होते, "यांच्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं." जावई हसले होते. हे गप्प राहिले. चाळीस वर्षं गणित शिकवलेला माणूस — वर्गातली शेवटच्या बाकावरची मुलं ज्यांच्या विनोदासाठी थांबायची — त्याला मी भिंत म्हणाले.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ हातावर ठेवला आणि माफी मागितली. म्हणाले, "कसली भिंत? मला आठवतही नाही. वेडी आहेस का." शब्द मायेचे. पण चेहरा — दुसऱ्याचं पत्र मोठ्याने वाचून दाखवताना असतो तसा.

अजून राग असेल का? हा राग इतका शांत कसा?

१५ जानेवारी

समोरच्या मनीषाच्या बाळाचा फोटो कॅमेऱ्याने आपोआप काढला. झोपेत हसलं ते.

१७ जानेवारी, शुक्रवार

घाबरत घाबरत मेनूमध्ये शिरले. कुठल्या हसण्याला फोटो काढायचा ते ठरवता येतं — मोठं हसू, साधं हसू, किंचित हसू. आमचा मोठ्यावर होता! केवढं बरं वाटलं. हे काही खदखदून हसणारे नव्हेत आता, अडुसष्ट वय आहे. साध्यावर आणला. टीव्हीशेजारी तांदळाचा डबा, डब्यावर कॅमेरा. यांना कळू दिलं नाही. टीव्हीवर ते नकला करणारे दोघे होते. हे हसले — मी स्वयंपाकघरातून ऐकलं, हं हं हं असं. धावत आले. फोटो नाही.

मग 'किंचित'वर आणला. या पायरीवर तो अगदी भोळा होतो. भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या लक्ष्मीचा फोटो काढला त्याने. माझा काढला, आणि तेव्हा मी हसत नव्हते, नुसतं तोंड उघडं होतं.

यांच्या चेहऱ्याभोवती अर्धा तास चौकोन होता. नुसता चौकोन.

किंचितच्या खाली पायरी नाही. मी दोनदा बघितलं.

२१ जानेवारी, मंगळवार

कॅमेऱ्याच्या आतच थोडी जागा असते, कार्ड नसलं तरी फोटो राहतात. तिथे सापुताऱ्याचे जुने निघाले. २०११. याच सोयीने काढलेले असणार, कारण ओळीने तेवीस फोटो, सगळे यांचे, नावेत बसलेले, प्रत्येकात आधीपेक्षा जास्त हसताहेत. त्याच कॅमेऱ्याला तेव्हा ते थांबू देत नव्हते.

म्हणजे कॅमेरा ठीक आहे.

आज दिवसभर यांना बघत होते, चोरून. आपल्याच नवऱ्याला! चालताना उजवा हात हलतो, डावा अंगाला चिकटलेला. शब्दकोडं सोडवतात त्यातली अक्षरं — आधी चौकोन भरून असायची, आता मुंगीएवढी, एका कोपऱ्यात. हे सगळं कधीपासून? मी काय करत होते?

माझ्या नांदगावच्या मामांचं असंच सुरू झालं होतं. आई म्हणायची, दादा हल्ली रुसल्यासारखा बसतो. सगळे वर्षभर त्यांचा रुसवा काढत होते. तो रुसवा नव्हता. शेवटी मामांना कूस बदलायला दोन माणसं लागायची. त्या दुखण्याचं नाव इथे लिहिणार नाही.

पण फ्रेमा? गेल्या वर्षी तर ते हसत होते. तेवढ्या एका गोष्टीला धरून बसलेय.

२४ जानेवारी, शुक्रवार

कॅमेरा पिशवीत घालून खलीलभाईंकडे गेले. यांना सांगितलं, खलीलभाईंच्या बायकोला, हुस्नबानोला, तिळाच्या वड्या द्यायच्यात. पहिल्यांदाच खोटं बोलून घराबाहेर पडले असं नाही, पण वळणापर्यंत मागे बघितलं नाही.

खलीलभाईंनी कॅमेरा हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला, बायकोकडे वळवला. "बानो, जरा हस." — "का? तुम्ही काय केलंत आता?" — खट्. फोटो निघाला. "एकदम ओके आहे वहिनी. अजून दहा वर्षं चालेल."

मी म्हणाले, मग सरांचा का काढत नाही?

त्यांनी कॅमेरा बंद करून टेबलावर ठेवला. हुस्नबानो चहा ठेवून आत गेली. मग ते म्हणाले, "वहिनी, गुस्सा नका करू." आणि सांगितलं. जसं आठवतंय तसं लिहिते.

"आमचा धंदाच तसा. गिऱ्हाईक घरी जाताना खूश दिसलं पाहिजे. डोळे मिटले असले तर दुसऱ्या फोटोतले डोळे लावायचे. तीळ काढायचा, टक्कल झाकायचं. लोक मागतात ते, न मागताही करायची सवय होते. सर चार वर्षांपासून हसत नव्हते, वहिनी. मी म्हणायचो, सर, स्माईल. ते म्हणायचे, हे काय, हसतोय. डावा खांदा खाली यायचा, मी हाताने वर करायचो, परत खाली. मला वाटलं घरात काही टेन्शन असेल. वाढदिवसाचा फोटो असा कसा द्यायचा? मग मी कॉम्प्युटरवर दोन हजार वीसच्या फोटोतलं हसू उचलून लावलं. खांदा सरळ केला. दरवर्षी."

आणि मग हळूच — "तीस वर्षं बघतोय त्यांना लेन्समधून. मी बोलायला पाहिजे होतं. माझी चूक झाली."

मी रागावले नाही. रागवायला सुद्धा जागा लागते आत.

२५ जानेवारी

हे फिरायला गेल्यावर शेवटच्या पाच फ्रेमा भिंतीवरून काढून पलंगावर ओळीने मांडल्या. कपडे वेगळे. माझे केस दरवर्षी पांढरे होत गेलेले. आणि यांच्या ओठाच्या कोपऱ्यातली घडी पाचही ठिकाणी तीच. डावीकडचा तिरका दात पाचही ठिकाणी तेवढाच दिसतो, केसभर कमी-जास्त नाही.

चार वर्षं मी रोज येता-जाता त्या हसण्यासमोरून गेले. घरात खरा माणूस होता तो बघितला नाही, फ्रेमा बघितल्या. आणि वर त्यालाच भिंत म्हणाले.

यांचा जिन्यात पाय वाजला तेव्हा तीनच परत टांगून झाल्या होत्या. "काय गं, धूळ पुसतेस?" हो म्हणाले.

२९ जानेवारी, बुधवार

आज झालंच. मी डब्यावर कॅमेरा ठेवत होते आणि हे मागे उभे. मला चाहूलच लागली नाही, हल्ली पाय घासत चालतात तरी.

"हे किती दिवस चाललंय?"

मी सांगून टाकलं. सगळं — चौकोन, सापुतारा, खलीलभाई, मामा. डॉक्टरांकडे जाऊ म्हणाले.

"मला काही झालेलं नाही. माणूस म्हातारा होतो." आवाज केवढा बारीक झालाय यांचा. पूर्वी वर्गाच्या दारातून मैदानापर्यंत जायचा. "माझ्या चेहऱ्याची परीक्षा घेणं बंद कर. आयुष्यभर परीक्षा मी घेतल्यात."

तो विनोद होता की राग? मला कळलं नाही. बेचाळीस वर्षांनी मला कळलं नाही, याचीच सगळ्यात जास्त भीती वाटली.

२ फेब्रुवारी, रविवार

भाग्यश्रीला फोनवर सांगितलं. आधी लेक रडली, मग भराभर कामाचं बोलायला लागली, माझ्यासारखीच. तिनेच नाव उच्चारलं. तर मीही लिहून टाकते — कंपवात. हात कापत नाहीत तरीही तो असू शकतो म्हणे. लवकर कळलं तर औषधांनी बरीच वर्षं बरी जातात. मेंदूच्या डॉक्टरांची सोमवारची, १० तारखेची वेळ तिने घेतली. सकाळी अकरा.

यांना सांगितलं. "तू जा," म्हणाले. "तुलाच भीती वाटतेय."

वाटतेच आहे. मामी शेवटी शेवटी मामांबद्दल म्हणायच्या, ते आहेत, पण मला भेटत नाहीत. मला त्या दुखण्याची तेवढी भीती नाही. याची आहे. रोज समोर बसून चहा घेतील आणि मला कळणार नाही, आज आवडलाय का.

५ फेब्रुवारी

चार दिवस दोघांत मीठ-साखरेपुरतं बोलणं. सकाळी विचारलं, सोमवारी येणार ना? पेपरमधून मान वर केली नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

या वर्षी फोटो नको असं ठरवलं. बेचाळिसावी फ्रेम रिकामी ठेवण्यापेक्षा मुळात खिळाच नको. मोहिनीला कॅमेरा कुरिअरने पाठवून देते.

८ फेब्रुवारी, शनिवार

पाठवण्याआधी गोजराबाईंचे फोटो त्यांना दाखवावे म्हणून कॅमेरा उघडला. सगळ्यात शेवटी फिल्मच्या पट्टीचं चित्र असलेलं काहीतरी होतं. मी काढलेलं नाही. मला व्हिडिओ काढताच येत नाही. बटण दाबलं.

हे. जेवणाच्या टेबलाशी, खिडकीकडे तोंड करून. आवाज इतका बारीक की कॅमेरा कानाला लावून ऐकलं, मग परत नुसतं बघितलं, मग दोन्ही एकदम करता येईना म्हणून रडू आलं.

"चालू आहे का हे... हं. आज गुरुवार. तू भाजीला गेली आहेस. नीट बघून ठेव. आता मी हसतोय." चेहरा तसाच. "हे मोठं हसू, गोजराबाईंच्या आठव्या फोटोचं." तसाच. "हा राग, तू खलीलकडे चोरून गेलीस त्याचा. सारखाच दिसतो, मला माहीत आहे. मी आरशासमोर करून बघितलंय, वर्ष झालं. तुला सांगायला घाबरलो. म्हणून आता असं करू. मी हसलो की टेबलावर बोट दोनदा वाजवीन. राग आला तर एकदा. सोमवारी जाऊ. मात्र तिथे तू डॉक्टरांसमोर गप्प बसायचं आणि रडायचं नाही. तुझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं."