फोटोतला लाल ठिपका

७ जून, रविवार

परत तेच! सोनचिखल्या पक्षी दहा पावलांवर उभा. हलत नाही, उडत नाही. मागे बर्फाचे उरलेसुरले पट्टे, ऊन अगदी हवं तसं. घरी येऊन संगणकावर पाहते तर मागच्या उतारावर लाल ठिपका. फोटोची वाट लागली!

हे एम्ब्रिकचं काम. डोंगरवाटांवरच्या दगडांच्या राशींवर लाल ‘टी’ रंगवायचं काम गिर्यारोहण मंडळानं त्याला दिल्यापासून माणसाचा हात थांबत नाही. वाट चुकू नये म्हणून खुणा हव्यात, मान्य. पण दिसेल तो धोंडा रंगवायचा? भेटू दे, चांगली हजेरी घेते.

बाकी दिवस छान गेला. तपकिरी चीजचा पाव, थर्मासमधली कॉफी, सात तास चाल, पायाला एक फोड नाही. स्वेरे माझ्यानंतर अर्ध्या तासानं घरी आला. नेहमीसारखाच. तो त्याच्या दलदलीकडे गेला होता, मुल्टेला फुलं किती धरलीत ते बघायला. “बरी आहेत,” एवढंच बोलला.

कुठली दलदल ते विचारायचं नसतं. एकेचाळीस वर्षांच्या संसारात मला त्याचा पगार माहीत, त्याची मूळव्याध माहीत, माझ्याआधीच्या मुलीचं नाव माहीत. मुल्टेची जागा? ती त्याच्या बापानं मरणाच्या आठवडाभर आधी कानात सांगितली आणि ती तिथेच राहिली. आमच्या खोऱ्यात असंच. ती केशरी फळं बादलीभर घरी येतात, बायकोनं मुकाट्यानं साखर घालावी!

१० जून

स्वेरेची लोकरी टोपी धुतली. आटली. “आता बाहुलीला घाल,” म्हणाला, आणि तीच डोक्यावर दाबून लाकडं फोडायला गेला.

१६ जून

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख आली: २४. हा उन्हाळा डोंगर बंद. स्वेरेनं कागद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाला, “मग तूही या वर्षी एकटी वर जाऊ नकोस.”

भडकलेच मी! गुडघा त्याचा, शिक्षा मला?

नऊ वर्षांपूर्वी मी ओढ्यावरच्या फळीवरून घसरले. घोटा मोडला. चार तास पडून होते, शेवटी दोन जर्मन पोरींना दिसले. तेव्हाही त्यानं हेच सुरू केलं होतं. “मी येतो बरोबर.” मी स्पष्ट सांगितलं होतं, मला गुराखी नको. मागे मागे आलास तर मी घर सोडून जाईन. रागात नव्हते म्हणाले, मनापासून म्हणाले होते. तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसून अख्ख्या गावाचं ऐकून घेतलं. आता आठवड्यातला एक दिवस कुणी काही बोलू नये एवढंच मागणं. शिवाय स्वेरेबरोबर फोटो काढणं म्हणजे शिक्षा. तिसऱ्या फुलाशी वाकले की तो घड्याळ बघतो.

तेव्हा तो म्हणाला होता, “बरं. मला तरी कुठे वेळ आहे, मला माझी दलदल बघायची असते.” विषय संपला. आजही मी संपवला. रविवारी जाणार म्हणजे जाणार.

२८ जून, रविवार

स्वेरे घरी. कुबड्यांवर अस्वलासारखा वावरतो. आज मीही घरीच. वाफल केले, त्यानं सहा खाल्ले.

५ जुलै, रविवार

निघताना शंभर प्रश्न! कुठल्या वाटेनं? तळ्याच्या बाजूनं की वरून? फळी ओलांडणार का? किती वाजता परत? “पोलिसात होतास का रे?” म्हटलं. तो खुर्ची ओढत स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेला. तिथून काय दिसणार? खालचं कुरण, आणि कुंपणापासून पहिल्या चढापर्यंतची वाट. पुढे सगळं टेकडीआड.

कॅमेऱ्याला तो “साबणाची वडी” म्हणतो. म्हणू दे. ही वडी खिशात मावते, एका हातानं चालते, म्हणून तर पाणओहोळ पक्षी उडायच्या आत टिपता आला! ओढ्यातल्या धोंड्यावर, चोचीत अळी, शेपटी वर. आणि रानकापसाचं पूर्ण शेत, वाऱ्यात एकाच बाजूला झुकलेलं.

बेचाळीस फोटो. एकातही लाल ठिपका नाही! सगळे स्वच्छ. एम्ब्रिकला कुणीतरी झापलेलं दिसतंय.

संध्याकाळी स्वेरेला दाखवले. पाणओहोळाचा फार वेळ बघत राहिला. “हा फळीच्या खालचा धोंडा ना?” म्हणाला. बरोबर ओळखलं!

१२ जुलै, रविवार

काय सांगू! आज एम्ब्रिक भेटला, वरच्या वळणावर, रंगाचा डबा घेऊन. म्हटलं, “बरं झालं त्या उतारावरच्या खुणा पुसल्यास. माझ्या फोटोंचा पार चिवडा केला होतास.”

“कुठला उतार?”

दाखवला.

“अगं तुरीड, मला वेड लागलंय का? तिथून वाट तरी जाते का? तिथे टी रंगवली तर माणसं सरळ दरीत जातील! माझं नाव मंडळातून काढतील ना!”

घरी आल्या आल्या सोनचिखल्याचा फोटो उघडला. ठिपका मोठा केला, आणखी मोठा केला. दगड नाही. लाल लोकरी टोपी! आटायच्या आधी दिसायची तशी, आणि खाली करडा सदरा.

स्वेरे!

म्हणजे दलदल तिथे! बापानं कानात सांगितलेली, आणि माझ्या साबणाच्या वडीनं पकडलेली! तो शेजारच्या खोलीत बातम्या बघत होता आणि मी उशीत तोंड घालून हसत होते. सांगणार नाही. निदान आज नाही.

२ ऑगस्ट, रविवार

मुल्टे पिकली. गावात लोक पहाटे निघतात आणि गाड्या भलतीकडेच लावून ठेवतात, कुणाला माग लागू नये म्हणून. स्वेरे खिडकीशी. पंधराला त्याचा सत्तरावा वाढदिवस. दर वर्षी त्या दिवशी सायीत घोटलेली मुल्टे असतात, आणि सगळ्या बहिणी-मेहुण्यांसमोर तो वाढताना म्हणतो, “माझ्या दलदलीतली!” या वर्षी काय वाढणार? त्याचं तोंड बघवत नाही.

मीच जाते. बादलीभर आणते आणि त्याच्यासमोर ठेवते. ओरडला तर ओरडू दे.

४ ऑगस्ट

दलदल नाही.

वाट सोडून तासभर चढले. सगळा खडक. शेवाळ कोरडं, पायाखाली चुरचुरणारं. मुल्टेचं एक पान नाही! मला वाटलं, चुकले. पण फोटोतला तो फुटका धोंडा तोच. त्याच्या आडोशाला सपाट दगड, दगडावर स्वेरेची बसायची निळी घडीची चटई, भोक पडलेली. खाली चॉकलेटचे चांदीचे कागद नीट दुमडून खडकाच्या फटीत खोचलेले. तो तसेच दुमडतो.

जागा मात्र राजासारखी. वाट, ओढा, फळी, तळं, सगळं तळहातावर. चार फोटो काढले. रिकामी बादली घेऊन उतरले. बिचाऱ्याची दलदल आटली असणार आणि सांगायची लाज वाटली असणार.

१० ऑगस्ट

स्वेरे व्यायामाच्या बाईंकडे गेलेला. दार वाजलं. एम्ब्रिक, हातात झाकणाची पांढरी बादली.

“स्वेरे आहे का?”

“नाही. काय आणलंस?”

“काही नाही. रंग.”

“रंगाला मुल्टेचा वास येतो का रे?”

लाजून टीसारखा लाल झाला! मग ओट्याशी बसून, दोन कप कॉफीवर, सगळं ओकला. आमच्याकडे दर वर्षी येणारी बादली त्यानंच भरलेली असते. बदल्यात स्वेरे त्याची लाकडं फोडून देतो. “शपथ घातलीय त्यानं. तू मला बघितलंच नाहीस, काय?”

“दलदल आटली का त्याची?”

“छे! उतू चाललीय. मीच तर तोडून आणतो. जागा मला दिली त्यानं, तुझा पाय मोडला त्या वर्षी. म्हणाला, मला आता तिकडे जायला वेळ मिळत नाही.”

जागा याला दिली, मला नाही! आणि वेळ नाही म्हणे. दर रविवारी माझ्यानंतर अर्ध्या तासानं घरी येणारा माणूस! मग जातो कुठे?

बादली तळघरात ठेवली. स्वेरेला काही बोलले नाही.

१५ ऑगस्ट

सत्तरावा पार पडला. बावीस माणसं, एक झेंडा, तीन केक. स्वेरेनं कुबडीवर रेलून मुल्टे वाढली. “माझ्या दलदलीतली!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. माझ्या ताटलीत एक चमचा जास्त आला.

१६ ऑगस्ट, रविवार

पाऊस. सकाळपासून संगणकाशी बसले. पाय मोडला त्यानंतरचे सगळे फोटो काढले, एकेक मोठा करून पाहिला. तळ्याकाठी हिरवी कमळपानं, वर कड्यावर ठिपका. धुक्यातली रेनडिअर, पलीकडच्या खांद्यावर ठिपका. सोनचिखल्याच्या उतारावर तर दर वर्षी. कधी जवळ नाही, कधी वाटेवर नाही. सातव्या वर्षाच्या एका फोटोत जोराचा पाऊस, भिंगावर थेंब, आणि तरी आहे! नऊ वर्षं मी एकटी चालले नव्हते. आणि एकदाही मला कळू दिलं नाही त्यानं.

रडले. मग तोंड धुतलं.

खिडकीशी बसलाय. विचारतोय, पुढच्या रविवारी कुठल्या वाटेनं. म्हटलं, खालच्या कुरणातून, कुंपणाकडून पहिल्या चढापर्यंत. तिथेही फुलं आहेत.