निरोगी नमुना

दि. ४ मार्च

ती. ताईस, धाकटीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. सकाळी बोटं इतकी आखडतात, की लेकीची वेणी घालता येत नाही. महिनाभर ताप येतो-जातो, पावलं सुजलीत. नवरा म्हणतो, कामाचा कंटाळा आला की मला ताप भरतो. तरी मी डॉक्टरांकडे गेले.

रक्त स्वतःच्याच शरीरावर उलटलंय का, ते डॉक्टरांना बघायचंय. नमुने तुमच्याच प्रयोगशाळेत पाठवलेत. मला हसू आलं. दर सुट्टीत तू माझं रक्त काढून बाटलीवर ‘निरोगी’ लिहायचीस, ते त्यांना कुठे ठाऊक! लवकर कळव.

लोभ आहेच, तो असाच वाढो.
धाकटी

दि. ११ मार्च

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

तीनदा फोन उचलून ठेवला, म्हणून लिहिते. काल अंधाऱ्या खोलीत तुझी काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली. पेशी हिरव्यागार पेटल्या होत्या, म्हणजे रक्त उलटलंयच. रक्त कितीही पातळ केलं तरी उजेड हटेना. लघवीतून प्रथिनंही जातायत, म्हणजे मूत्रपिंडालाही धक्का लागलाय. पत्र मिळताच दवाखान्यात भरती हो.

आता खरं ते लिहिते. रुग्णांच्या काचांसोबत आम्ही एका धडधाकट माणसाच्या रक्ताची काच लावतो. ती अंधारी राहिली, तरच बाकीच्यांवर भरवसा ठेवायचा. ते रक्त तुझं असायचं. दोन वर्षांपूर्वीच्या सुट्टीतलं तुझं रक्त मंद हिरवं दिसलं. काच नीट धुतली नसेल म्हणून पुन्हा केली, पुन्हा तेच. निरोगी माणसातही कधी असं दिसतं, अशी मनाची समजूत घातली, बाटली टाकून दिली आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईंचं रक्त घेतलं. चांगला नमुना वाया गेला, एवढीच चुटपुट लागली. परक्या रुग्णाचं असतं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवलं असतं ग.

लोभ मागायला तोंड नाही.
ताई

दि. २९ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

अक्षर वाकडं आलंय, सांभाळून घे. मूत्रपिंडाचं निम्म्याहून जास्त काम थांबलंय, गेलेलं परत येणार नाही. दोन वर्षं आधी यायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. मी तुझं काही सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही.

त्या सुट्टीत माझ्या दंडावर कापूस दाबत तू म्हणाली होतीस, की माझ्यासारखं स्वच्छ रक्त कुणाचं नाही. ते मी दोन वर्षं मिरवलं. अंग मोडून आलं की तेच आठवायचे आणि कामाला लागायचे. राग त्याचा येतो, ताई.

लेकीचे गुडघे दुखतात म्हणे. तिचं रक्त पाठवते आहे. बाटलीवर ‘निरोगी’ लिहू नकोस. तिचं नाव लिही, आणि दिसेल ते त्याच दिवशी कळव.

लोभ आहे. वाढावा, असं आज लिहवत नाही.
धाकटी