बेचाळीस मीटर

सोमवार, ७ एप्रिल २०२५. सायंकाळी ६:४०. सकाळी तराफ्यावर मांडी घालून दोराला चिंध्या बांधत होतो.

दर मीटरला एक पांढरी, दर पाचव्या मीटरला लाल. साठ मीटर दोर, एकही गाठ मागेपुढे नाही, दोनदा मोजून पाहिलं. नोकरीच्या पहिल्याच दिवशी मनासारखं काम मिळालं. पाणी शांत आहे, भिंतीवर बगळे बसलेत. गावी डोंगरकड्याला आईला फोन करून सांगितलं की जागा चांगली आहे.

काम असं आहे. धरणाच्या तळमोरीचं दार गाळात आणि ओंडक्यांत अडकून बंद होत नाही. ते मोकळं करायचा गुत्ता, म्हणजे कंत्राट, माणिकरावांनी घेतला आहे. जमीलभाई पाणबुडे खाली उतरतात. सोनाजी काका इथले जुने मासेमार, ते तराफा आणि हवेचा कंप्रेसर पाहतात. मी दोर धरायचा आणि वही लिहायची. रोज सहाशे. दहावीला इंग्रजीत दोनदा राहिलो, पण अक्षर चांगलं आणि शुद्धलेखन पक्कं, तेवढ्यावर माणिकरावांनी ठेवून घेतलं.

जमीलभाईंनी खुणा शिकवल्या. दोराला एक ओढ म्हणजे बराबर आहे. दोन म्हणजे दोर सोड. तीन म्हणजे वर घे. खालून जेवढ्या येतील तेवढ्याच वरून परत द्यायच्या, म्हणजे खालच्याला कळतं की वर माणूस आहे. खूण आली आणि उत्तर गेलं नाही असं एकदाही व्हायला नको, हे त्यांनी तीनदा सांगितलं. मी मनाशी घोकून ठेवलं.

ते आखाडा बाळापूरचे. चौदा वर्षं मुंबईच्या पुढे समुद्रात तेलाच्या विहिरींवर होते. एक कान तिथेच गेला. खूप खोल गेलं की न पिता नशा चढते म्हणाले. त्यांच्या जोडीदाराने एकदा सत्तर मीटरवर हातमोजे काढून, घडी घालून, उशाला घेतले आणि निवांत आडवा झाला. पण समुद्र सोडला तो त्यामुळे नाही. समुद्राच्या तळाला एका ठिकाणी कडा येते, तिथून पुढे तळच नाही. त्या कडेवर ते उभे राहिले, आणि पुढून काहीतरी त्यांच्याकडे पाहतंय असं वाटलं. दुसऱ्या दिवशी गाडी धरून घरी आले. इथे तसलं काही नाही म्हणून सोनाजी काका हसले. चोवीस परस, म्हणजे चोवीस माणसं उभी बुडतील एवढं पाणी, आणि खाली आमचेच बुडालेले बांध.

आजची त्यांची पाचवी बुडी. खोली बेचाळीस मीटर, चिंधीवर बरोबर आली. एका बुडीचे त्यांना बावीसशे.

मंगळवार, ८ एप्रिल. दुपारी २:१०.

एक गोष्ट पटली नाही. वर येताना जमीलभाई सहा मीटरवर आणि परत तीन मीटरवर थांबतात, सगळी मिळून पाऊण तास. थांबले नाहीत तर रक्तात हवा फुटते. माणिकराव काठावर जीपमध्ये बसून ओरडत होते की डिझेल जळून राहिलं, तो काहून लटकून राहिला.

दुसरी त्याहून वाईट. धरणाच्या कार्यालयातले साहेब सकाळी दहाला सही करून जातात आणि बुडी सुरू होते त्यानंतर. म्हणून माणिकरावांनी सांगितलं की दुसऱ्या दिवसाची नोंद आदल्या दिवशीच लिहून ठेवायची. उतरला १०:१५, खोली ४२ मीटर, वर आला ११:४०. मी म्हणालो, माणूस उतरायच्या आधी वर आला असं कसं लिहायचं. ते सोनाजी काकांकडे बघून म्हणाले, "दहावी नापास पोरगं मला वही शिकवून राहिलं." काका हसले नाहीत. जमीलभाई म्हणाले, लिही बेटा, सगळीकडे असंच चालतं, मी तर वरच येणार आहे.

लिहिलं. सुवाच्य लिहिलं. त्याचाच राग येतोय.

गुरुवार, १० एप्रिल. दुपारी १२:३०.

काल चव्वेचाळीस भरले. आज सत्तेचाळीस. माझ्या गाठी सरकल्या असतील म्हणून दोर काठावर पसरून टेपने मोजला. एकही सरकलेली नाही. उन्हाळ्याचं पाणी सोडणं चालू आहे, भिंतीवरची पातळी उलट दीड हाताने खाली गेली आहे. मग खोली वाढते कशी? माणिकरावांना सांगितलं. वहीत बेचाळीस आहेत ना, मग धरणातही बेचाळीसच, असं म्हणून ते जीपमध्ये जाऊन बसले.

जमीलभाई वर आले. मग सोनाजी काकांना विचारलं की मोरीपुढची जमीन सपाट होती का. काका म्हणाले सपाट होती, हायब्रीड ज्वारी व्हायची तिथं. जमीलभाई म्हणाले, आता उतार आहे.

दोर वाळल्यावर शेवटच्या चिंध्यांवर पांढरा थर दिसला. जिभेला लावून पाहिला. मीठ. इथून समुद्र गाडीने रात्रभराच्या वाटेवर आहे.

शुक्रवार, ११ एप्रिल. दुपारी १:००.

साठच्या साठ मीटर गेले. त्याच्यापुढे त्यांनी दोन ओढी दिल्या, दोर सोड म्हणून. सोडायला दोरच नव्हता. मी दोन ओढींचं उत्तर दिलं आणि रडकुंडीला आलो. अर्ध्या मिनिटाने तीन आल्या, वर घेतलं.

त्यांनी आज उद्याच्या बुडीला नाही म्हटलं. दार मोकळं झालंय, आता कुणीही खाली जायचं कारण नाही, खाली कडा आली आहे, असं स्पष्ट सांगितलं. माणिकराव म्हणाले, दार पुरतं बसलं हे बघून आल्याशिवाय बिल निघत नाही, आणि बिल निघाल्याशिवाय मागच्या नऊ बुड्यांचा एक रुपया मिळणार नाही. जमीलभाईंनी आतापर्यंत एक पैसा उचललेला नाही. मग मला म्हणाले, दुसरा दोर जोडून ठेव.

मी उद्याची नोंद लिहिली. वर आला ११:४०.

शनिवार, १२ एप्रिल. सायंकाळी ५:००.

१०:०५ ला उतरले. दहा मिनिटं आधी, कारण साहेब लवकर सही करून गेले.

बेचाळीसला थांबले नाहीत. दोन ओढी, दोन ओढी, दोन ओढी. सोडत गेलो. साठ. जोडदोरावर नव्वद. शंभर. हवेची नळी शंभर मीटरच आहे, ती ताठ झाली, तराफा कलला. सोनाजी काकांनी तीन ओढी द्यायला सांगितल्या. मी दिल्या. उत्तर आलं दोन.

१०:३१ ला नळी सैल पडली आणि पाण्यावर बुडबुडे फुटले. ओढून काढली. फाटलेली नाही, तुटलेली नाही. टोकाचा आटा हाताने फिरवून सोडला आहे.

दोर मात्र ताठ. आम्ही दोघांनी ओढला, माणिकरावांचा ड्रायव्हरही आला. एक वीतही हलला नाही. ११:४० झाले. माणिकरावांनी वही मागितली, वाचली आणि मिटली. म्हणाले, यात वर आलाय. पलीकडच्या काठाला निघून गेला असेल, समुद्रावरची माणसं अशीच असतात.

बुडाला म्हणायचं नाही अशी ताकीद दिली. काम थांबेल म्हणे.

११:५२ ला दोराला एक ओढ आली.

बराबर आहे.

रविवार, १३ एप्रिल. सकाळी ११:००.

हाजराबी भाभी आल्या, जमीलभाईंची बायको. ऑटोने एकट्याच. माणिकरावांनी वही दाखवली, साहेबांची सही दाखवली, काल वर आला, पैशाची घाई होती, गेला असं सांगितलं. भाभींनी पान नीट वाचलं. मग मला विचारलं, हे तुमी लिहिलं का. मी हो म्हणालो.

"अक्षर सुंदर हाय. माणूस कुठं हाय?"

माणिकराव समोर होते. मी बोललो नाही. दोर माझ्या पायाशी ताठ होता आणि मी बोललो नाही. त्या गेल्यावर इतका राग आला की वही पाण्यात फेकणार होतो. सोनाजी काकांनी हात धरला. म्हणाले, फेकली तर माणिकरावालाच बरं होईल.

सोमवार, १४ एप्रिल. दुपारी ३:००.

जयंती. गावात मी नाही असं पहिल्यांदाच. पलीकडच्या गावातल्या मिरवणुकीचा आवाज पाण्यावरून येतो.

सकाळी ठाण्यात गेलो. सगळं सांगितलं. समोरच्या पोलिसांनी वहीची प्रत पाहिली आणि म्हणाले, तूच लिहिलंस वर आला, तूच म्हणतोस आला नाही, आम्ही कुणाचं धरायचं. साहेबांची दुरुस्ती आण. साहेबांच्या घरी गेलो. सुट्टी आहे म्हणून दार उघडलं नाही.

परत आलो. भिंतीवर पाणी आणखी हातभर खाली. दोर तासाला एक ओढ देतो. मी एक परत देतो. हवा नाही त्यांना. परवापासून हवा नाही.

तरी ओढ त्यांचीच. मनगटाने देतात ती, आखूड.

मंगळवार, १५ एप्रिल. दुपारी १:२०.

दोर तराफ्याला कापू लागलाय. आणखी विकत आणून जोडला. दोनशे चाळीस मीटर गेले. दोर थंड आहे. हात बधिर होतात, एप्रिल महिना असून.

१२:४० ला तीन ओढी. आखूड. वर घे. सोनाजी काका आणि मी— आला! पाच मीटर आला. सात. अकरा—

मग दोन.

या आखूड नव्हत्या. लांब, सावकाश, अख्खा तराफा वाकवणाऱ्या. दोर सोड.

लगेच तीन, आखूड.

मग दोन.

खाली दोरावर दोघांचे हात आहेत.

काका म्हणाले, दोन्हींना उत्तर देऊ नको. मी कधी नव्हे तो ओरडलो त्यांच्यावर. उत्तर द्यायचं नाही असं होत नाही. मी तीनच दिल्या. दोनला पण तीन. दरवेळी तीन. ते अकरा मीटर परत गेले. हाताची साल गेली.

बुधवार, १६ एप्रिल. सकाळी ९:००.

कामाच्या वहीत लाल शाईने लिहिलं. १२ एप्रिल, उतरला १०:०५. खोली १०० मीटरच्या पुढे. वर आला नाही. ११ तारखेला मी आधीच लिहिलेली नोंद खोटी. खाली माझं नाव, शुद्धोधन, पूर्ण पत्ता, सही. मागच्या सगळ्या खोल्याही दुरुस्त केल्या, ४४, ४७, ६०. सोनाजी काका वही घेऊन बाळापूरला गेले. हाजराबींच्या हातात द्यायची, दुसऱ्या कुणाच्या नाही.

आता तराफ्यावर मी एकटा.

बुधवार. १२:२०.

माणिकराव कोयता घेऊन आले. दोर तोडणार. खाली कुणी नाही म्हणतात. मग तोडायची घाई काहून, हे मी त्यांना त्यांच्याच भाषेत विचारलं.

दोर कमरेला गुंडाळून घेतला, तीन वेढे, गाठ पाठीमागे. आता तोडायचा तर मला आधी— ते काठावर उभे आहेत. तराफ्यावर पाय ठेवत नाहीत. त्यांनाही दिसतोय तराफा, कसा वाकतो—

तीन. दिल्या.

दोन. नाही. तीन दिल्या.

बुधवार. १:०५.

फळ्या तडकतात. पाणी घोट्यापर्यंत. खारट. काठावर माणिकराव फोनवर. त्यांना मोठ्याने वाचून दाखवणार आहे, म्हणून नीट लिहितो.

माझा खर्च. दोर, दोन वेळा, तीन हजार एकशे. ठाण्याला आणि साहेबांकडे जायचं-यायचं, एकशे ऐंशी. लाल पेन, दहा. एकूण तीन हजार दोनशे नव्वद.

माझे दहा दिवस, सहाशेप्रमाणे सहा हजार. हे राहू द्या.

माणिकरावांकडून जमीलभाईंना येणं. नऊ बुड्या, एकोणीस हजार आठशे. दहावी बुडी शनिवारी १०:०५ ला सुरू, आज १:०५ पर्यंत नव्व्याण्णव तास. दीड तासाला एक बुडी धरली तर सहासष्ट. बावीसशेप्रमाणे एक लाख पंचेचाळीस हजार दोनशे. आधीचे मिळवून एक लाख पासष्ट हजार. पण बुडी अजून चालू आहे, म्हणून ही बेरीज शेवटची धरू नये, पुढच्या तासाचे

तीन. दिल्या.

पुढच्या तासाचे चौदाशे सहासष्ट आणि—