शिरेत सोडलेलं पाणी

कल्याण, श्रावण वद्य पंचमी, शके १८१७

ती. अक्का हिच्या चरणी विश्रामचा साष्टांग नमस्कार. मायन्यात सौभाग्यवती लिहायला हात धजला नाही. तार पोचलीच असेल.

त्र्यंबकराव कसे गेले, ते दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगतो. नोकरीसाठी माझ्याकडे आल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांना पटकी झाली. दुपारपर्यंत डोळे खोल गेले, नाडी लागेना. आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी उकळून निववलेलं मिठाचं पाणी त्यांच्या शिरेत सोडलं. भांडं मीच धरलं होतं. थोड्या वेळात नाडी आली. ते उठून बसले आणि म्हणाले, "विश्राम, तुझ्या अक्काला कळवू नकोस, उगाच घाबरेल." मी बाहेर जाऊन आनंदानं रडलो.

तासाभरात नाडी पुन्हा बुडाली. डॉक्टर म्हणाले, "नुसतं रक्तातलं पाणी जात नाही. सगळं मांस सुकलेलं असतं, ते रक्तातलं पाणी ओढून घेतं. पोटावाटे जातं ते निराळंच. आपण थांबायला नको होतं."

पुन्हा पाणी उकळून निवेपर्यंत ते गेले. जास्तीचं पाणी तयार ठेवणं माझं काम होतं, अक्का. ते उठून बसले तेव्हा मी चूल विझवली होती.

शेवटी त्यांना वेदना नव्हत्या. मुली जेवतात ना? धाकटीचा ताप उतरला का? तूही चार घास खा.

अस्थी घेऊन दशमीपर्यंत येतो. घरात घेतलं नाहीस तरी ओट्यावर बसून राहीन.

तुझाच,
विश्राम