नानांच्या मापाची सायकल

९ जानेवारी

पुढचं मडगार्ड जमलं! सपाट, रुंद, कडेला काटकोनात मोडलेलं — हुबेहूब जीपचं. सायकलला असं कुणी लावत नाही. सायकलचं मडगार्ड गोल असतं, चाकाच्या पाठीला धरून. हे म्हणजे चाकावर टेबल ठेवलंय. गॅरेजमधला पेंटर बघून म्हणाला, "यावर चहाचे चार कप मावतील." मावू देत. तीस वर्षं लोकांच्या गाड्यांचे पोचे काढतोय, ठोकून ठोकून पत्रा सरळ करतोय. पहिल्यांदाच काहीतरी मुद्दाम वाकवलं.

वडिलांसाठी. नाना माझ्याशी बोलत नाहीत त्याला या महिन्यात चौदा महिने झाले.

१० जानेवारी

एकदा नीट लिहून काढतो. हिला सांगायला गेलं तर दोन वाक्यांनंतर तीच बोलायला लागते.

नाना सर्वे खात्यात ड्रायव्हर. रस्ता नसेल तिथं जीप न्यायची हे त्यांचं काम. नदीपात्रातून, दगडांतून, चिखलातून. रिटायर झाले त्याच वर्षी खात्यानं ती जीप लिलावात काढली आणि नानांनी घेतली. माणूस आणि गाडी बरोबरच घरी आले. मग रोज सकाळी शेडमध्ये जाऊन बॉनेट उघडायचं, काहीतरी पुसायचं आणि मला हाक मारायची. दहा नंबरचा पाना आण. कार्ब्युरेटर बघ. तुझ्या हातात माती कालवलीय का? आमचं सगळं बोलणं या जीपवरूनच. बाकी विषय आम्हाला येत नव्हते.

तर गेल्याच्या गेल्या वर्षी नानांनी रिव्हर्स घेताना शेजाऱ्यांची भिंत पाडली. मिनिटभर आधी त्या भिंतीपलीकडे शेजाऱ्यांची सून कपडे वाळत घालत होती. मिनिटभर! मी पलीकडे धावलो. नाना मात्र स्टिअरिंग धरून बसून राहिले, उतरेनातच. पुढच्या आठवड्यात ते ताईकडे राहायला गेले आणि मी जीप भंगारवाल्याला देऊन टाकली. विचारलं नाही. विचारलं असतं तर दिली असती का त्यांनी?

परत आले ते सरळ शेडमध्ये गेले. फरशीवर तेलाचे डाग तेवढे राहिले होते. माझ्याकडे वळले, तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. तेव्हापासून मूग गिळून बसलेत. महिनाभर मी मागे मागे फिरलो. नाना, चुकलं. नाना, बोला. मग मीही सोडून दिलं. टाळी एका हातानं वाजत नाही.

१३ जानेवारी

चेन बसली. नाना शेडच्या दारात आले, बघून गेले.

१८ जानेवारी

बाकी सगळ्यांशी बोलतात, हे जास्त लागतं! दूधवाल्याला "बरं, बरं". शेजारच्या काकांना "चाललंय". हिच्याशी तर काय — आमच्या घरात ही बोलते, इतरांनी नुसती हजेरी लावायची, तेव्हा नाना "हं" म्हणून मोकळे. सकाळी ताईचा फोन. नानांशी पाऊण तास बोलली म्हणे. किती छान वाटलं रे! काय बोलले, विचारलं. "तेच रे, बरं आहे, चाललंय." म्हणजे पाऊण तास ताई बोलली, पण निदान "बरं आहे" तरी तिच्या वाट्याला आलं. मला तेही नाही. मी समोर गेलो की ओठ घट्ट.

सुंभ जळेल, पीळ जाणार नाही.

२३ जानेवारी

रंगाचा घोळ. जीपचा हिरवा म्हणजे कुठला हिरवा? पेंटरनं शेडकार्ड दिलं, त्यात हिरव्याचे सतरा प्रकार. मला सगळेच आठवतात आणि एकही आठवत नाही. जीपचा साधा एक रंगीत फोटोसुद्धा नाही.

शेवटी कार्ड घेऊन नानांपुढे गेलो. चौदा महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या खोलीत खुर्ची ओढून बसलो. म्हटलं, आपली जीप यातली कुठली? नानांनी चष्मा लावला. कार्ड उजेडात धरलं, तिरकं केलं. मग बोट ठेवलं. अकरा नंबर. मळकट, सुकत आलेल्या शेवाळासारखा. ठेवल्याबरोबर मला कळलं की हाच!

मी म्हटलं, नुसतं बोट दाखवताय, तोंडानं सांगा की. याला खात्यात काय म्हणायचे? काहीतरी नाव होतं ना?

ओठ हलले. कपाळावर आठ्या. मग कार्ड माझ्या मांडीवर टाकलं आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

एवढा राग! एका रंगाचं नाव सांगायला जीभ झिजते का? मी दार आपटून आलो. कार्डाचा कोपरा दुमडला म्हणून पेंटरनं वेगळी बोलणी ऐकवली.

२ फेब्रुवारी

रंग वाळला. सायकल उभी केली तर गॅरेजमधले सगळे हातातलं काम टाकून आले. लांबलचक सांगाडा, बसकी, रुंद हँडल. टायर मनगटापेक्षा जाड. पुढं पत्र्याची जाळी, उभ्या फटींची, तिच्यात एकच गोल दिवा. दोन दांड्यांच्या मधे जीपच्या बॉनेटसारखी पेटी, आत पाने ठेवायला. मागे कॅरिअरला चपटा कॅन अडकवलाय, त्यात पिण्याचं पाणी. पेंटर दोनदा प्रदक्षिणा घालून म्हणाला, "इंजिन विसरलास." मग हळूच म्हणाला, "म्हातारा बोलेल बघ." पेंटरला सगळं माहीत आहे. त्याला मीच सांगितलंय.

बोलेल. बोलायलाच पाहिजे. "वाकडं बसवलंयस" म्हणाले तरी चालेल मला.

८ फेब्रुवारी

सगळं मुसळ केरात.

माप मी नानांच्या खाकी पँटवरून घेतलं होतं. खात्याची शेवटची पँट, ट्रंकेत घडी घालून ठेवलेली. त्यांना उभं करून टेप लावायचा तर बोलावं लागलं असतं, म्हणून पँट. कंबरेपासून पायापर्यंत मोजलं, त्यावरून सांगाडा कापला. एवढा अनुभवी कारागीर मी! समोर गाडी उभी असताना तिच्या कागदावरून माप घेणाऱ्याला मी स्वतः गाढव म्हटलं असतं.

सकाळी सायकल अंगणात आणली. नाना आले. दिव्यावर हात ठेवला, मडगार्डवर फिरवला, बोटानं जाळीच्या फटी मोजल्या. मग दांड्यावरून पाय टाकून बसले — आणि पाय जमिनीला लागेनात. सीट तर आधीच तळाला टेकलेली! दोन्ही टाचा अधांतरी. सायकल कलली, मी धरली म्हणून बरं. पँटमधला माणूस केवढा होता, आणि हा केवढा. नाना कधी एवढे आखूड झाले? एका घरात राहतो आम्ही.

नाना उतरले. सीटकडे बोट. जमिनीकडे बोट. पुन्हा सीट. तोंड उघडं, चेहरा लाल, आणि आवाज नाही. मला वाटलं, आता तरी बोल बाबा, शिव्या दे, गाढव म्हण! काही नाही. नुसतं बोट.

माझा तोल सुटला. काय काय बोललो ते लिहितो, लपवत नाही. तोंडात बोळा कोंबलाय का? जीप विकली, बाप नव्हता विकला! अडीच महिने मरमर मरतोय, आणि तुम्ही मला बोटावर नाचवताय? मग म्हटलं — "तुम्ही उद्या गेलात ना, तर माझ्या डोळ्यांतून टिपूससुद्धा येणार नाही."

ही स्वयंपाकघरातून धावत आली. "अहो, काय बोलताय! वडील आहेत ते!" म्हटलं, ऐकतायत कुठं ते, भिंत आहे भिंत.

नाना खाली वाकले. सीटचा नट पडला होता, तो उचलून माझ्या हातात दिला आणि आत गेले.

९ फेब्रुवारी

लाज वाटते. पण माफी मागणार नाही. दरवेळी मीच का?

१२ फेब्रुवारी

सीटची नळी तीन इंच कापली. वरचा दांडा काढून नवा वाकवला, पेटीही खालून कापून बुटकी केली. रंग सगळा करपला. पेंटर म्हणाला, "आधी माणूस मोजायचा असतो, मग पाइप." बोलून झाल्यावर स्वतःच ब्रश घेऊन बसला.

या वेळी माप नीट घेतलं. नाना जेवायला बसले होते, मी टेप घेऊन मुकाट्यानं त्यांच्या पायाशी बसलो. त्यांनी पाय सरळ केला. पोटरी किती बारीक झालीय.

१५ फेब्रुवारी

चालवली! दोन्ही पाय जमिनीला लागले, मग उचलले, आणि निघाले. हँडल दोन्ही हातांनी जीपच्या स्टिअरिंगसारखं धरलेलं, कोपर बाहेर. खड्डा आला तर चुकवला नाही — सरळ त्यातून घातली आणि मागे वळून बघितलं. हसले! माझ्याकडे बघून हसले. ही तर रडायलाच लागली. ताईला फोन लावून तासभर तेच.

कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. मी फाटकात उभा. म्हटलं, कशी आहे? त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, घट्ट दाबला, आणि गेले आत.

बोलले नाहीत. एवढं सगळं होऊनही नाहीच.

२१ फेब्रुवारी

रोज जातात. मी रोज विचारतो, कुठवर गेला होतात? रोज खांद्यावर हात. मला हात नकोय. एक शब्द द्या. मग हात काय, लाथ मारा.

२४ फेब्रुवारी

आज विचारलं नाही. हात जोडले या माणसापुढे.

२७ फेब्रुवारी

दुपारी कामावर पेंटरचा फोन. तो सामान आणायला बाहेर गेला होता. "अरे, तुझी जीप मोठ्या चौकात पंक्चरवाल्याकडे उभी आहे, आणि नाना पण. ये लवकर." सायकल दुसऱ्या कुणाची असती तर त्यानं वळूनही बघितलं नसतं.

गेलो. मागचं चाक बसलेलं. एवढ्या जाड टायरची ट्यूब पंक्चरवाल्याकडे नव्हती, मागवून घ्यावी लागणार होती. तो बिचारा विचारत होता — काका, राहता कुठं? घरचा नंबर सांगा, सायकल आणून देतो. नाना म्हणत होते, "बरं, बरं." तो पुन्हा विचारायचा. "चाललंय." दीड तास! शर्ट घामानं भिजून पाठीला चिकटलेला. मला बघितल्यावर खाली फूटपाथवरच बसले.

पंक्चरवाला म्हणाला, "मुके आहेत का हो हे?"

मी म्हटलं, मुके नाहीत, हट्टी आहेत.

तो माझ्याकडे बघतच राहिला. "हट्टी माणूस असा घामाघूम होतो का? मघापासून एक शब्द काढायला बघतायत. त्या ट्यूबकडे बोट दाखवून रडले हो ते."

मी नानांसमोर उकिडवा बसलो. खिशातला पाना काढून त्यांच्यापुढे धरला. आयुष्यभर ज्यानं त्यांनी नट पिळले तो पाना. म्हटलं, नाना, हे काय आहे? सांगा. एकदाच.

त्यांनी पाना हातात घेतला. अंगठ्यानं तोंड उघडलं, मिटलं, बरोबर नटाच्या मापाला आणलं. ओठ हलत होते. काहीही आलं नाही. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला कळलं की पंधरा महिने ते मला काय दिसू देत नव्हते. बाकीच्यांना "बरं, बरं" वर फसवता येत होतं. माझ्याशी बोलायचं तर पाना म्हणावं लागलं असतं, नट म्हणावं लागलं असतं. माझ्यापुढे तोंड उघडलं असतं तर पहिल्याच वाक्याला पकडले गेले असते.

सायकल तिथंच ठेवली. नानांचा हात धरून घरी आणलं.

२ मार्च

डॉक्टरीणबाईंनी पेन दाखवलं, घड्याळ दाखवलं, किल्ली दाखवली. एकाचंही नाव आलं नाही. मेंदूत बारीकसा झटका येऊन गेला असणार, म्हणाल्या, भिंत पडली त्याच्या आसपास. "इतके दिवस घरात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?" मी म्हटलं, आमचा अबोला होता.

नाना बाहेर बाकावर जाऊन बसल्यावर मी मागे थांबलो. विचारलं, शब्द गेले ते गेले, पण आपण बोलतो ते तरी त्यांना कळत असेल का?

"अहो, सगळं कळतं. शब्दन्‌शब्द."