दोघांनी बदललेली ओळ

७ मार्च २००६
बाजार. इम्रान बाळापूरहून आला. त्याचे अब्बा, आमचे चाचा, दर मंगळवारी आमच्या गावच्या, जवळा बाजारच्या, आठवडी बाजारात कापडाचं दुकान लावतात. त्यांच्याच टेम्पोतून हा येतो, आठवडाभराचा कोड पेनड्राइव्हवर घेऊन. मग त्याचं-माझं एकत्र करायचं. असं दोघांनी लिहिलेलं आपोआप जुळवणारं सॉफ्टवेअरच आम्ही बनवतोय.
आज अडलं. एकच ओळ दोघांनी वेगवेगळी बदलली तर? मी म्हटलं, नंतरची धरू, मोकळं होऊ. इ. तापला. "काहून धरावी? मशिनीनं थांबावं. मानसाला इचारावं."
चिडलो. पण पटलं.

१४ मार्च
थांबणं जमलं. दोन्ही ओळी समोर येतात, माणूस एक ठेवतो, मग 'पुढे चल'. नको असेल तर 'सोडून दे', सगळं पहिल्यासारखं. एवढ्याशा कामानं डोकं खाल्लं.

२१ मार्च
ओळ निवडता निवडता लाईट गेली. आल्यावर मशीन सगळं विसरलेलं. मी शिव्या, इ. हसतोय. "थांबायचं तं ध्यानात ठिवून थांबावं ना भाऊ."
आता कुठे थांबलो ते डिस्कवर लिहितं, मगच थांबतं. मुद्दाम वायर उपटून पाहिली. बराबर तिथंच उभं.

१८ एप्रिल
टेम्पोत चाचा एकटेच.
"तुला सांगितलं न्हाई का त्यानं? दुबईला गेला. काल इमानात बसला."
नाही सांगितलं. मला!
घरी येऊन फाईल उघडली. वर आम्हा दोघांची नावं, बनवणारे म्हणून. त्याचं खोडलं. राग आला होता. वाईट त्याहून जास्त वाटत होतं.

२५ एप्रिल
चाचांनी पेनड्राइव्ह दिला. "जाताना तुह्यासाठी देला होता. मागल्या बाजारी घरीच इसरलो."
चिठ्ठी नाही, नुसता कोड. एकत्र करायला लावलं. नावांच्या ओळीवर थांबेल, त्याची ओळ ठेवू, आपली टाकून देऊ, असं ठरवूनच बसलो होतो.
थांबलं नाही. सरळ पुढे गेलं.
त्याची फाईल उघडून पाहिली. त्यानंही स्वतःचं नाव खोडलेलं. दोघांचा बदल सारखाच असेल तर विचारायचं काय, असं आम्हीच ठरवलेलं. त्या ओळीत आता मी एकटा.
नाव परत लिहावं? त्यानं रागानं काढलं, की मला सगळं देऊन टाकलं? चाचा म्हणतात, तिकडचा फोन नंबर अजून आला नाही.
सारखं असलं तरी थांबायला हवं होतं त्यानं. निदान मला तरी विचारायचं.